न्यायालयाला माणूस हवा की सातबारा?



'जामीन' हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. सोसायटीचे कर्ज काढताना आपण एकमेकांना जामीन राहिलो आहोत. एकाचे पीक बुडाले की वसुलीवाला दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, हेही भोगले आहे. पण आज मी लिहितो आहे ते फौजदारी कोर्टातल्या जामिनाबद्दल. "आपण कुठे चोऱ्या करतो, आपला काय संबंध?" असे म्हणून पान उलटू नका. रास्ता रोकोच्या केसमध्ये ज्यांची नावे आहेत त्यांना संबंध माहीत आहे. बांधावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या, त्या घरांना माहीत आहे. आणि ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जे आपल्या रानात वेचणीला आणि ज्वारीच्या काढणीला येतात, त्यांना तर सगळ्यांत जास्त माहीत आहे.

मुद्दा असा. खटला चालू असताना आरोपीने तारखेला हजर राहावे, पळू नये, साक्षीदारांना धमकावू नये, एवढ्याचसाठी जामिनाची अट असते. गुन्हा अजून शाबीत झालेला नसतो. म्हणजे कोर्टाला हवी असते ती हजर राहण्याची हमी. ही हमी माणसाच्या घरातून, गावातून, कामातून मिळते. कोर्ट मात्र ती सातबाऱ्यात शोधते. आणि ज्याच्याकडे सातबारा नाही, ज्याला सातबारावाला जामीनदार मिळत नाही, तो जामीन मंजूर होऊनही आत राहतो.

२०१५ च्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या शेतातला सालगडी, वय वर्षे बावीस. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचलला. आठ दिवसांनी जामीन मंजूर झाला : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. आई माझ्याकडे आली. मी म्हटले, चला, मी राहतो जामीन. शेतीची पदवी घेतलेला माणूस, बारा एकर कोरडवाहू, अडचण कसली? कारकुनाने माझा सातबारा पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. त्यावर बँकेचा बोजा होता. ऐपतीचा दाखला आणा म्हणाला. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, त्यावर मंडल अधिकाऱ्याची सही, मग तहसील. तलाठी पीक पाहणीत गुंतलेले, मंडल अधिकारी सुटीवर, साहेब दौऱ्यावर.

मला सांगा, आपल्यापैकी कितीजणांचा सातबारा कोरा आहे? कर्ज न काढता कोरडवाहू कापूस करणारा शेतकरी मला दाखवा, मी त्याचा जाहीर सत्कार करतो. मग आपण सगळेच जामीन राहायला नालायक ठरलो की नाही?

कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली एक गृहस्थ बसलेला असे. तीन हजार द्या, जामीनदार देतो म्हणाला. सातबारा कुठल्या गावचा, माणूस कोण, विचारायचे नाही. मी रागावून निघून आलो. आईला राग परवडणारा नव्हता. तिने दोन शेळ्या विकल्या. जामीन मंजूर झाल्यानंतर तेविसाव्या दिवशी पोरगा बाहेर आला, तोवर पहिली वेचणी संपली होती आणि मालकाने दुसरा गडी ठेवला होता. पुढे चार वर्षे खटला चालला. पोरगा एकही तारीख चुकला नाही. २०१९ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटला. ज्या जामीनदाराच्या भरवशावर कोर्टाने त्याला सोडले होते, तो त्याला रस्त्यात भेटला असता तरी त्याने ओळखला नसता. त्याला दर तारखेला एसटीत बसवणारी आई होती. तिची सही कोर्टाने मागितली नाही, कारण तिच्या नावावर काही नव्हते.

ही एका पोराची कहाणी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात जवळजवळ शहात्तर. शिक्षा झालेले पाव भागसुद्धा नाहीत. यांतल्या प्रत्येकाला सोडा असे मी म्हणत नाही. खुनाचे, बलात्काराचे, टोळीचे आरोपी त्यात आहेत. पण जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार किंवा पैसे नाहीत म्हणून आत बसलेलेही त्यात आहेत. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लहानसहान गुन्ह्यांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या गरिबांबद्दल पोटतिडिकीने बोलून दाखवले. त्यानंतर शोध घेतला, तेव्हा जामीन मिळूनही आत असलेले सुमारे पाच हजार कैदी निघाले.

ही गोष्ट न्यायालयांना आज कळली असेही नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जामीन द्या असा आदेश आधी सर्वोच्च न्यायालयानेच दिला होता. खालच्या दंडाधिकाऱ्याने रक्कम ठरवली दहा हजार. १९७८ चे दहा हजार! मोतीरामचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी दंडाधिकाऱ्याचे कान उपटले. एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडा, असा हुकूम दिला. परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही, हे म्हणणे त्यांनी मोडीत काढले. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षे उलटून गेली. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारा, स्थानिक जामीनदार मागतात की नाही. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा लिहावे लागले की स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडते, तेव्हा ती घालू नये.

१९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कैद्यांचा खटला आला, हुसैनारा खातून यांच्या नावाचा. खटला उभा न राहता काही माणसे इतकी वर्षे आत होती, की गुन्हा शाबीत झाला असता तरी त्याहून कमी शिक्षा झाली असती. न्यायमूर्ती भगवती यांनी तेव्हा सांगितले की आरोपीची पाळेमुळे गावात किती रुजली आहेत ते बघा. किती वर्षे राहतो, कामधंदा काय, घरात कोण, नाव कसे, पूर्वी गुन्हे आहेत का, पूर्वी तारखा चुकवल्या का, त्याच्याबद्दल हमी देणारे चार जबाबदार लोक आहेत का. मुळे खोल असतील तर पैशाच्या जामिनाशिवाय सोडा.

भगवतींनी हे हवेतून आणले नव्हते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात १९६१ पासून हा प्रयोग झाला होता आणि निकालपत्रात त्याचा उल्लेख आहे. तिथे कायद्याचे विद्यार्थी अटक झालेल्या माणसाला गाठून हेच प्रश्न विचारत, नातेवाइकांना फोन करून उत्तरांची खातरजमा करत आणि न्यायाधीशाला शिफारस करत : याला फक्त शब्दावर सोडा. तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे अशी सुटली. तारखेला आली नाहीत अशी माणसे शंभरात दोनसुद्धा भरली नाहीत. कृषी विद्यापीठात आम्ही बियाण्याची उगवण तपासायचो. शंभरात अठ्ठ्याण्णव उगवणारे बियाणे मिळाले तर तुम्ही लायसन्सवाल्या दुकानदाराच्या पाया पडाल. इथे माणसांचा इतका उगवणीचा टक्का मिळतो आहे आणि आमची कोर्टे अजून सातबारा पडताळत बसली आहेत.

आता काहीजण म्हणतील, नुसत्या शब्दावर सोडायचे म्हणजे फार झाले, देखरेख तरी हवी. हे मला मान्य आहे. भांडण आहे ते देखरेख कोणाची आणि कशी यावर.

आपल्याकडची देखरेख म्हणजे पोलीस ठाण्याची हजेरी. दर सोमवारी दहा ते बारा ठाण्यात येऊन सही करायची. ठाणे वीस किलोमीटरवर, एसटी एक. साहेब बंदोबस्ताला गेलेले, रजिस्टर कपाटात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. दिवसाची मजुरी गेली. महिन्यात चार मजुऱ्या गेल्या, त्याही वेचणीच्या दिवसांत. ती चुकली की अट मोडली, अट मोडली की जामीन रद्द करण्याचा अर्ज. शिक्षा न होता भोगलेली ही शिक्षाच म्हणायची, नाहीतर काय?

आणि 'हजेरी' या शब्दाला आपल्या मुलखात जुना वास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटे, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा नाही, खटला नाही, तरी हजेरी. परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पारध्याच्या पालावर पहाटे पडणारी धाड गेली का, ते तुम्हीच सांगा.

आता त्याच हजेरीचे नवे यंत्र निघाले आहे. पायात पट्टा बांधायचा, माणूस कुठे फिरतो ते ठाण्यात बसून दिसते. जम्मू-काश्मीरच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावर सुटलेल्या आरोपीला तो बांधला, देशात पहिल्यांदा. विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात असे यंत्र गंभीर प्रकरणांत आणि जपून वापरावे असे म्हटले होते. आपल्याकडे जपून वापरायची वस्तू कशी वापरली जाते, हे कीटकनाशकाच्या डब्यावरची सूचना वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती भुयान यांनी ८ जुलै २०२४ ला याच धर्तीच्या एका अटीवर निकाल दिला. आरोपीने मोबाइलवर आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असे करावे, अशी ती अट होती. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांची नजर ठेवणारी अट घालता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. चांगले झाले. पण यंत्र विकणारे गप्प बसणार नाहीत. फवारणीचे औषध विकणारे बसतात का?

फवारणीचे निघालेच आहे तर सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही काय शिकवतो? सापळे लावा, पतंग मोजा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले किंवा शंभरात दहा बोंडे किडली, तर फवारा. त्याआधी फवारलेत तर पैसा वाया, मित्रकिडी मेल्या, अळी आणखी माजली. न्यायाधीशाने हेच करायला हवे. आधी माणूस मोजा. धोका नसेल तर नुसता जातमुचलका. थोडा असेल तर देखरेख. खरोखर मोठा असेल, साक्षीदार मुलगी शेजारच्याच घरात राहते असे असेल, तर गावाबाहेर राहण्याची अट घाला किंवा आत ठेवा, माझी तक्रार नाही. पण इथे सगळ्या रानावर एकच फवारा चालला आहे : ऐपतदार जामीनदार. आणि त्याने मरतो कोण? मोठ्या घोटाळ्याचा आरोपी दुपारपर्यंत चार जामीनदार उभे करतो. फवाऱ्यात मित्रकिडीच मरतात.

देखरेख कशी असावी याचा नमुनाही न्यूयॉर्कनेच दिला. २०१६ पासून त्या शहरात ठरावीक आरोपींना पैसे न भरता समाजसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या देखरेखीखाली सोडू लागले. कार्यकर्ता फोन करतो, भेटतो, तारखेची आठवण देतो, दारूची सवय असेल तर उपचाराला नेतो, काम नसेल तर शोधायला मदत करतो. २०२० नंतर तिथे जास्त गुन्ह्यांतले लोक या योजनेत आले, कार्यकर्त्यांवर भार वाढला, टीकाही झाली. म्हणजे योजना कागदावर चांगली असून भागत नाही, माणसे पुरवावी लागतात. पण त्याच शहरातला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. किरकोळ गुन्ह्यांत तारखेआधी मोबाइलवर संदेश पाठवला, तर तारीख चुकवणारे पाचव्या हिश्श्याने कमी झाले. नुसत्या संदेशाने! बरेच लोक पळत नसतात, विसरत असतात. आपल्याकडेही तेच. तारीख वकिलाच्या डायरीत, वकील दुसऱ्या कोर्टात, आरोपी ऊसतोडीला परजिल्ह्यात. मग निघते पकड वॉरंट आणि तो 'फरार' होतो.

जो संदेश पीक विम्याच्या मुदतीसाठी येतो, वीजबिलासाठी येतो, तो तारखेसाठी का येऊ नये? तालुका विधी सेवा समित्या आहेत, त्यांचे स्वयंसेवक आहेत. १९५८ च्या कायद्याने परिविक्षा अधिकारी आहेत, पण त्यांचे काम गुन्हा शाबीत झाल्यावर सुरू होते. ते आधीच का सुरू करू नये? पहिल्यांदा कोर्टापुढे उभे केले त्याच दिवशी स्वयंसेवकाने हुसैनारा खटल्यातले प्रश्न विचारावेत, गावात चार जणांना फोन करावा, ग्रामसेवक, हेडमास्तर, शेजारी. त्याचा कागद न्यायाधीशापुढे जावा. सातबाऱ्यापेक्षा त्या कागदाला किंमत असावी.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला तेव्हा चाळीस हजारांपर्यंत मदत ठरवली. ऐकायला गोड. पण बघा : सरकारच पकडणार, सरकारी वकीलच जामिनाला विरोध करणार, रक्कम ठरली की सरकारी तिजोरीतूनच ती भरणार. खालच्या खिशातून वरच्या खिशात. त्यापेक्षा रक्कमच मागू नका ना! १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ४७९ कलमात एक चांगली गोष्ट आहे. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झाली नाही, त्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचे. आणि या संहितेत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायची स्वतःची हमी. खुनासारखे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत, ते ठीक. पण एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तरी हा फायदा नाही. आणि पोलीस एका घटनेत किती कलमे लावतात, हे आंदोलनातल्या कार्यकर्त्यांना विचारा. शिवाय साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे. तिचा एक तृतीयांश म्हणजे बारा महिने. एक खरीप आणि एक रब्बी आत काढल्यावर कायदा म्हणणार, जा, तुझ्या शब्दावर विश्वास आहे. तो पहिल्या दिवशी का नव्हता?

आता कडू बोलतो. वाईट वाटून घ्या, पण ऐका. केबल चोरली, मोटार नेली, रात्रीतून वेचायला आलेला कापूस झोडपून नेला, की ठाण्यात तक्रार घेऊन जाणारे आपणच असतो. आणि ठाण्यात आपण काय म्हणतो? "साहेब, त्या पालावरच्यांना उचला." उचलले की आपल्याला बरे वाटते. खटल्याचे पुढे काय होते हे बघायला आपण जात नाही. साक्षीला बोलावले तर पेरणी आहे म्हणून सांगतो. म्हणजे तो आत बसला, हीच शिक्षा, हे आपणही मान्य केले. मोटार मिळाली का? नाही. खरा चोर सापडला का? माहीत नाही. मग कशाचे समाधान?

माझीही मोटार गेली आहे, २०२१ मध्ये. संताप काय असतो ते मला ठाऊक आहे. पण रास्ता रोकोत आपल्याला पकडले, की आपण म्हणतो, आम्ही कुठे पळणार, आमची शेती आहे, घर आहे, गाव आहे. अगदी खरे. १९१७ साली चंपारणात निळीच्या शेतकऱ्यांसाठी गेलेल्या गांधीजींना मोतीहारीच्या दंडाधिकाऱ्याने निकालापर्यंतच्या दोन तासांसाठी जामीन मागितला. त्यांनी नकार दिला. त्याने त्यांना तसेच सोडले, कारण हा माणूस पळणार नाही हे त्याला दिसत होते, बाहेर हजारो शेतकरी उभे होते. मग जो विश्वास आपल्याला हवा, तो आपल्या सालगड्याला का नको? त्याचेही घर आहे, गाव आहे. फक्त शेत नाही.

जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. मागण्या तीन. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, पूर्वी शिक्षा नसेल तर पहिल्या दिवसापासून जातमुचलक्यावर सुटका. देखरेख विधी सेवा समितीच्या माणसाकडे, ठाण्याच्या हजेरीऐवजी. आणि प्रत्येक तारखेची आदल्या दिवशी मोबाइलवर आठवण, मराठीत.

ठराव होईल तेव्हा होईल, तोवर आपल्या हातातले करू. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाला अट सैल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या त्याच आदेशात सांगितले आहे. हे कागद कोणी हलवल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून बैठकीला येताना प्रत्येक गावच्या शाखेने एक यादी आणावी : जामीन मंजूर आहे पण माणूस आत आहे, अशांची. नाव, केस नंबर, कोणते कोर्ट, मंजुरीची तारीख. फक्त कार्यकर्त्यांची नको. पालावरची, वस्तीवरची, सगळ्यांची. यादी घेऊन आपण विधी सेवा प्राधिकरणात जाऊ. ज्यांच्या नावापुढे वकील नाही त्यांच्यासाठी वकील मागू. आणि तारखेला सोबत जायला प्रत्येक गावातून एक माणूस नेमू. आमच्या गावातून मी जाईन.